वाचताना हसू येतं, पडद्यावर का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातला सात-आठ जणांचा एक हौशी गट गणेशोत्सवात मंडळासमोर दाखवायला बारा मिनिटांची विनोदी शॉर्ट फिल्म करतोय. निवृत्त मास्तरांना सत्कारात चादर मिळते. मास्तर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, ती पुन्हा पिशवीत घालून एका लग्नात आहेर म्हणून देतात. ती घरोघरी फिरते आणि वर्षभराने मास्तरांच्याच दुसऱ्या सत्कारात त्यांच्याच खांद्यावर येऊन पडते. मास्तर ओरडतात, ‘अरे, ही तर माझीच चादर!’ स्क्रिप्ट वाचताना सगळे पोट धरून हसले. शूट केलेला तुकडा लॅपटॉपवर पाहिला तेव्हा कोणी हसलं नाही. म्हणून त्यांनी विचारलंय, की विनोदाची सगळ्यात चांगली जाण कोणत्या दिग्दर्शकांना आहे आणि त्यांच्याकडून काय उचलता येईल.

आधी नावं सांगतो. जगभरातून निवडायचे तर मूकपटांतला बस्टर कीटन, फ्रान्सचे जॅक ताती आणि हॉलिवूडचे बिली वाइल्डर. हिंदीत हृषीकेश मुखर्जी, सई परांजपे आणि एकाच सिनेमासाठी का होईना, कुंदन शाह. मराठीत जुन्यांपैकी राजा परांजपे, आजच्यांपैकी परेश मोकाशी. तुमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळेही यात हवेत. त्यांना विनोदी दिग्दर्शक कोणी म्हणत नाही, पण विनोदाची जाण हा वेगळा गुण आहे आणि तो त्यांच्याकडे भरपूर आहे.

ही नावं निवडताना एकच कसोटी लावली आहे. सिनेमात हसू कोणामुळे आलं हे ओळखणं अवघड असतं. संवाद चुरचुरीत असतील तर श्रेय लेखकाचं, नट अफाट असेल तर नटाचं. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केले, पण त्यात ऐकू येते ती आचार्य अत्र्यांची लेखणी. मग दिग्दर्शकाचं काय उरतं? तीन निर्णय. कोणती गोष्ट प्रेक्षकाला आधी कळू द्यायची आणि कोणती पात्राला. कॅमेरा कुठे आणि किती लांब ठेवायचा. शॉट नेमका कधी तोडायचा. वाचनात यातला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, ऐकणारा मनातल्या मनात ते स्वतःच घेतो. म्हणून वाचताना हसू आलं. शूट करताना ते निर्णय तुम्हाला घ्यायचे होते आणि ते घ्यायचे राहून गेले. तुमचं स्क्रिप्ट वाईट नाही.

पहिला निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू.

हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शक होण्याआधी संकलक होते, बिमल रॉय यांच्या सिनेमांचं संकलन त्यांनी केलं होतं. कोणती माहिती कधी सोडायची हे त्यांच्या हाडीमाशी होतं. ‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून सासरच्या माणसांसमोर उभा राहतो, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. ‘गोलमाल’ (१९७९) मध्ये मिशी असलेला आणि मिशी नसलेला हे दोघे एकच आहेत, हे आपल्याला माहीत असतं, मालक झालेल्या उत्पल दत्तना नाही. गुपित शेवटी फोडून धक्का देणं त्यांना सहज जमलं असतं. पण धक्क्याने माणूस एकदा हसतो. गुपित प्रेक्षकाच्या हातात दिलं की पुढचा प्रत्येक प्रसंग, प्रत्येक साधं वाक्य हसवायला लागतं, कारण आता कधी उघडकीला येईल ही धास्ती प्रेक्षक स्वतः वागवत असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आजही घराघरात तोंडपाठ आहे याचंही मूळ इथेच आहे. ती गोष्ट हृषीदांच्याच ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून आली, मराठीत वसंत सबनीसांनी लिहिली आणि सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केली. स्त्रीवेश घेतलेले दोघे पुरुष आहेत हे आपल्याला माहीत, घरमालकिणीला नाही. बाकी सगळं त्या एका फटीतून वाहतं.

आता तुमची चादर बघू. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती तीच चादर आहे हे प्रेक्षकाला मास्तर ओरडल्यावर कळतं. म्हणजे प्रेक्षक त्या क्षणी हिशेब मांडत बसतो: कोणती चादर, ती लग्नातली का, ती इथे कशी आली? हिशेब करणारं डोकं हसत नाही. ओळख प्रेक्षकाला मास्तर ओरडायच्या आधीच पटली पाहिजे. त्यासाठी चादरीवर खूण हवी, आणि ती खूण तोंडाने सांगायची नाही.

खूण कोणती? चहाचा डाग नको. सोलापुरी जकार्ड चादरीच्या भरगच्च नक्षीत डाग लपतो. शिवाय चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी तीच पण रंग उलटे असतात, त्यामुळे कोणती बाजू वर होती यात घोळ होतो. भोक दोन्ही बाजूंनी दिसतं. पहिल्या सत्कारानंतर घरी देवासमोर घडी ठेवली, उदबत्ती कलंडली आणि काठाजवळ बारीक भोक पडलं. बाईंनी मास्तरांकडे बघितलं, भोक आत जाईल अशी घडी घातली आणि पिशवीत सरकवली. एकही वाक्य नको. या एका प्रसंगात चादर ओळखायची सोय होते आणि नवरा-बायकोच्या मनात चोरटेपणाही तयार होतो.

खूण एकूण तीनदा दिसू द्या. पहिल्यांदा माहिती म्हणून, दुसऱ्यांदा आठवण म्हणून, तिसऱ्यांदा परिणाम म्हणून. दोनदाच दाखवलीत तर मंडळासमोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या नजरेतून पहिली वेळ निसटलेली असेल, कारण कोणीतरी मध्येच उठून जाणार आणि कोणाच्या तरी कडेवरचं पोर रडणार. चारदा दाखवलीत तर प्रेक्षक तुमच्या पुढे निघून जातो. मधल्या खेपेला ज्या घरी चादर पोचली आहे तिथलं लहान मूल भोकात बोट घालतं, आई हातावर चापट मारते आणि घाईघाईने घडी घालते. त्या बोटाचा उपयोग शेवटी होणार आहे.

दुसरा निर्णय कॅमेऱ्याचा. इथे कीटनला पर्याय नाही. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात एका घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो सहीसलामत उभा राहतो. भिंत खरी होती, जड होती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोजक्या इंचांची जागा होती. पण विनोदाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की हे सगळं एका लांबच्या शॉटमध्ये, मध्ये न तोडता दिसतं. भिंत, खिडकी आणि माणूस एकाच चौकटीत. तोच प्रसंग भिंत पडतेय, चेहरा घाबरलाय, खिडकी आली असा तीन तुकड्यांत कापला असता तर ती फक्त थरारक चलाखी उरली असती. कारण आणि परिणाम एकाच चौकटीत दिसले की हसू येतं.

तुमच्या तुकड्यात नेमकं उलट झालं असणार. मोबाइलवर शूट करणारे बहुतेक जण हसू हवं तिथे चेहऱ्याजवळ जातात. चेहरा जवळ आला की प्रेक्षक त्या माणसाच्या मनात शिरतो आणि त्याला त्याची कीव यायला लागते. मास्तरांच्या चेहऱ्याचा मोठा क्लोजअप, वर भुवया उडालेल्या, म्हणजे करुण प्रसंग. विनोदाला माणसाचं अख्खं शरीर लागतं, निदान कमरेपासून वर. मोबाइलची मुख्य लेन्स बहुधा २४ ते २६ मिमीच्या आसपास असते. लांबच्या शॉटला ती चालते, फक्त माणूस कडेला उभा करू नका, ताणल्यासारखा दिसतो. कॅमेरा बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, तिकाटण्यावर घट्ट, आणि हलवू नका. कॅमेरा हलला की ‘इथे काहीतरी होणार आहे’ अशी चुगली तो आधीच करतो.

जॅक तातींनी ही गोष्ट टोकाला नेली. ‘प्लेटाइम’ (१९६७) ७० मिमीवर काढला आणि क्लोजअप जवळपास टाळलेच. चौकटीत चार-पाच गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात, कुठे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं. ‘मों ओंक्ल’ (१९५८) मधल्या त्या नव्या धाटणीच्या बंगल्यात माशाच्या आकाराचं कारंजं आहे. घंटा वाजली की बाई आधी कारंजं सुरू करते आणि मग फाटक उघडते, पण पाहुणा किरकोळ निघाला तर लगेच बंद करते. त्या बाईबद्दल एक शब्द न बोलता तिचा सगळा स्वभाव त्या पाण्याच्या चिळकांडीत आहे. अशी एखादी वस्तू तुमच्या गल्लीतही सापडेल. पाहुणा बघून कोणत्या कपात चहा येतो, एवढं दाखवलं तरी पुरे.

तातींकडून घ्यायची दुसरी गोष्ट आवाजाची आहे आणि सोलापुरात ती फार कामाची. तुमचं निम्मं शूटिंग पूर्व भागात आहे. तिथे यंत्रमागाच्या खटखटीत साधा कॉलरमाइक लावून संवाद घेतलेत तर नंतर काही केल्या ते साफ होत नाहीत. खटखट आणि माणसाचा आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, आवाज कमी करणारं सॉफ्टवेअर दोन्ही खाऊन टाकतं. ताती सगळे आवाज नंतर बसवायचे. ‘मिस्टर हुलो’च्या सुट्टीच्या सिनेमात (१९५३) हॉटेलच्या स्वयंपाकघराचं झुलणारं दार दर वेळी एकच खुळा आवाज करतं आणि तेवढ्यावर हशा येतो. म्हणून कारखान्यातले प्रसंग बिनसंवादाचे लिहा. आहेर देणं-घेणं हातवाऱ्यांवर होऊ द्या, मागे खरी खटखट ठेवा आणि चादर हातात पडते त्या क्षणी माग बंद पडू द्या. ती एका सेकंदाची शांतता कोणत्याही संवादापेक्षा जास्त बोलेल. प्रत्येक जागी अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कापाकापी झाकायला लागतो. घरातले प्रसंग घेताना पंखा बंद. उकडेल, पण पर्याय नाही.

तिसरा निर्णय शॉट कधी तोडायचा याचा. हृषीदा मुळात संकलक होते हे आधी आलंच. राजकुमार हिरानी आणि डेव्हिड धवन हेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनच शिकले. दोघांची जातकुळी वेगळी, पण हसू येण्याआधीची अर्ध्या सेकंदाची जागा दोघांनाही बरोबर सापडते. तुम्ही सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे २५ चित्रं) या वेगाने शूट करताय असं धरतो, भारतात तोच बरा. शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकतात. तर अर्धा सेकंद म्हणजे बारा-तेरा फ्रेम. नटाची नजर आधी वळते, मग बारा फ्रेम थांबायचं, मग तो काय बघतोय ते दाखवायचं. नजर वळायच्या आत कापलंत तर प्रेक्षकाला वाटतं की दिग्दर्शकाने दाखवलं म्हणून दिसलं. नजर वळल्यावर दीड सेकंद थांबलात तर प्रेक्षक कंटाळून स्वतःच अंदाज बांधतो. मोबाइलवर एक अडचण येते. साधं कॅमेरा ॲप फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतं आणि संकलनात आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. वेग पक्का बांधणारं ॲप वापरा.

शेवटचा प्रसंग या तीन निर्णयांनी कसा उभा राहतो ते मांडतो.

पहिला शॉट: रंगमंच समोरून, लांबून. प्रमुख पाहुणे चादर उलगडून मास्तरांच्या खांद्यावर टाकतात. मंचावरची पाचही माणसं दिसताहेत आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंचा अंबाडा. हा शॉट सिनेमाच्या सुरुवातीच्या सत्काराच्या शॉटसारखाच हवा: तीच जागा, तीच उंची, तोच क्रम. एडगर राइटच्या ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) मध्ये नायक सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो तो लांबलचक शॉट दोनदा येतो. दुसऱ्या खेपेला रस्ताभर मुडदे फिरताहेत आणि त्याला पत्ताच नाही. चौकट तीच ठेवल्यामुळे फरक प्रेक्षक स्वतः शोधतो. हा पहिला शॉट सहा-सात सेकंद.

दुसरा: फक्त हात. मास्तर चादर नीट करतात, बोटं काठावरून फिरतात, अंगठा भोकातून बाहेर येतो. दोन ते अडीच सेकंद. संपूर्ण प्रसंगात जवळचा असा हा एकच शॉट.

तिसरा: मास्तर कमरेपासून वर. चेहऱ्यावर काहीही नाही. समोर बघत राहतात, मग फक्त बुबुळं पहिल्या रांगेकडे जातात. तीन सेकंद. नटाला इथे ‘आश्चर्य दाखवा’ असं सांगू नका. ‘कोणाला कळू न देता बाईंकडे बघा’ असं काम सांगा. नटाला भावना सांगितली की तो ती करून दाखवतो, काम दिलं की तो ते करतो.

चौथा: बाई आधीपासून त्यांच्याकडेच बघताहेत. पदर सारखा करतात. दोन सेकंद.

पाचवा: पुन्हा पहिली चौकट. मास्तर अंगठा मुठीत झाकून हात जोडतात. टाळ्या. आठ सेकंद धरा, हात कापायला शिवशिवतील तरी धरा.

या सगळ्यावर सूत्रसंचालकाचा आवाज अखंड चालू ठेवा, सत्कारात नेहमी असतं तसंच भाषण: मास्तरांनी समाजाला आयुष्यभर जे दिलं तेच आज समाज त्यांना परत करतोय. हे वाक्य तिसऱ्या शॉटवर सुरू होऊन चौथ्यावर संपलं पाहिजे. सूत्रसंचालकाने ते मनापासून म्हणायचं, कारण त्याला काहीच माहीत नाही. आणि मास्तरांचं ‘अरे, ही तर माझीच चादर!’ हे वाक्य काढून टाका. प्रेक्षकाच्या मनात ते आपोआप उमटलेलं असेल, त्याच्या तोंडचा घास तुम्ही काढून घेत होता.

संवादांबद्दल मराठीपुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. हसवणारा शब्द वाक्यात शेवटी यावा लागतो, त्यानंतर एकही अक्षर आलं तर हशा दबतो. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, त्यामुळे हसवणारा शब्द नाम असेल तर त्यामागे ‘आहे’, ‘होतं’, ‘म्हणाला’ यांची शेपटी लागते. दोन उपाय आहेत. एक, शेपटी कापा. ‘त्यांनी पण चादरच दिली होती’ याऐवजी ‘आणि त्यांनी काय दिलं? चादर.’ दुसरा, क्रियापदालाच हसवायला लावा. ‘बनवाबनवी’त घरमालक औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतो आणि उत्तर ‘वारले’ या क्रियापदावर संपतं. माणसासाठीचं क्रियापद पैशाला लावलं, ते शेवटी आलं आणि त्यापुढे काही नाही. पस्तीस वर्षं उलटून गेली तरी लोक अजून ते वापरतात.

संवाद आणि हशा यांचं आणखी एक गणित आहे. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मध्ये बाईच्या वेशातला जॅक लेमन आपलं लग्न ठरल्याचं आनंदाने सांगतो, त्या प्रसंगात वाइल्डरनी त्याच्या हातात खुळखुळे दिले. प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवत नाचतो. कारण व्यवहारी होतं: थिएटरभर हशा झाला तर पुढचं वाक्य बुडू नये, म्हणून मध्ये जागा हवी होती, आणि नुसती रिकामी जागा पडद्यावर मेलेली दिसली असती. तुमचा सिनेमा मंडपात, मोकळ्यावर, भोंग्यासारख्या स्पीकरवर दाखवला जाणार. दीड-दोनशे माणसांचा हशा तीन-चार सेकंद टिकतो. त्या जागा हाताच्या कामाने भरा: चहा ओतणं, सुपारी कातरणं, चादरीची घडी घालणं. लॅपटॉपवर एकट्याने बघताना या जागा लांब वाटतील. वाटू द्या.

बोलीबद्दल काळजी घ्या. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकमेकांत मिसळून बोलतात, आणि ‘काय करलालास बे’ ऐकलं की बाहेरचा माणूस हसतो. पण तुमचा प्रेक्षक सोलापूरचाच आहे, त्याच्यासाठी ती रोजची भाषा आहे. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजोबांचं मराठी तेलुगू वळणाचं आहे म्हणून हसवायला जाल तर मंडपात निम्मे लोक गप्प होतील आणि ते बरोबरच करतील. मंजुळ्यांचा ‘सैराट’ (२०१६) या दृष्टीने परत बघा. करमाळ्याकडची बोली अख्ख्या सिनेमाभर आहे, पूर्वार्धात थिएटर सतत हसत होतं, पण हसू बोलीवर एकदाही नाही, माणसांच्या धांदलीवर आहे. आणि ‘फँड्री’ (२०१३) मधला तो प्रसंग: डुकराच्या मागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, शाळकरी नायक जब्या थबकतो, पाठोपाठ सगळं घर ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. रचना अस्सल विनोदाची आहे, अगदी कीटनला शोभेल अशी: लांबचा शॉट, सगळे स्थिर, एकच गोष्ट हलतेय. हसू ओठावर येता येता घशात अडकतं. विनोदाची जाण कुठवर नेता येते याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) तर तुमच्या पंढरपुरातच घडतो. यात्रेच्या गर्दीत मुलं घरच्यांच्या नकळत बांगड्यांचं दुकान थाटतात. त्यात शिकण्यासारखं हे, की मुलांना हसवायला सांगितलेलंच नाही. त्यांच्यासाठी धंदा हा जिवावरचा मामला आहे आणि कॅमेराही तो तितक्याच गंभीरपणे घेतो. ‘वाळवी’ (२०२३) मध्येही तेच, फक्त मामला खुनाचा. कुंदन शाहांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये झिंगलेला ओम पुरी शवपेटीला गाडी समजून आतल्या मेलेल्या माणसाशी बोलतो, तेव्हाही तो विनोद करत नसतो, मदत करत असतो. तुमच्या मास्तरांनाही चादर लपवणं इतकंच महत्त्वाचं वाटलं पाहिजे. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) ठरल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवायची पैज आहे. पैज एकदा पक्की लागली की पात्रांना वेगळी गंमत करावी लागत नाही, पैसे संपत नाहीत हीच अडचण पुरते.

सई परांजप्यांची ‘कथा’ (१९८३) मात्र चाळीतल्या माणसांसाठी सगळ्या गटाने मिळून बघा. शेजारी-पाजारी नुसते मागे उभे नसतात, प्रत्येकाला स्वतःचं काम असतं. तुमच्या सत्काराच्या प्रसंगात मंचावरच्या पाच जणांना काय कामं आहेत? एकाने घड्याळ बघावं, एकाने नारळ कुठे ठेवू म्हणून शोधावं, एवढंही पुरतं.

पार्श्वसंगीतात ते ‘टॉइंग’ आणि घसरगुंडीचे आवाज अजिबात घालू नका. प्रत्येक गमतीवर आवाज टाकला की प्रेक्षकाला सांगितल्यासारखं होतं, इथे हस. सांगितलं की माणूस हसत नाही.

पहिली जुळणी झाली की स्क्रिप्ट न वाचलेल्या आठ-दहा जणांना एका खोलीत बसवून दाखवा. पडदा बघू नका, माणसं बघा. मोबाइलवर खोलीचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो संकलनात चित्राखाली जोडा. हशा कुठे सुरू झाला, किती टिकला, कोणतं वाक्य बुडलं, सगळं डोळ्यांना दिसतं. जिथे हसू अपेक्षित होतं आणि आलं नाही, तिथे आधी त्या जागेची नाही तर दोन प्रसंग अलीकडची जागा तपासा. बहुधा खूण नीट दिसलेली नसते, उदबत्तीचा शॉट एका सेकंदात संपलेला असतो. तो दोन सेकंदांचा करा. नेमकी दुरुस्ती बहुतेक वेळा एवढीच असते. ती पुरली नाही तर आवाज बंद करून अख्खी फिल्म बघा. चादर कुठून कुठे गेली हे आवाजाशिवाय कळत नसेल तर मंडपातही कळणार नाही.

चादरी एकाच नक्षीच्या आणि एकाच रंगाच्या तीन घ्या, एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातल्या. उदबत्तीने पडणारं भोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं, त्यातून बोट जात नाही. पहिल्या चादरीला खरं उदबत्तीचं भोक पाडा, जवळ पाण्याचा तांब्या ठेवून, कारण सुती कापड आतल्या आत धुमसत राहतं. दुसरीला कात्रीने मुलाची करंगळी जाईल एवढं कापा आणि कडा काडीने जरा काळ्या करा. तिसरीला मास्तरांचा अंगठा बाहेर येईल एवढं. तिन्ही भोकं काठापासून सारख्याच अंतरावर, चार बोटं. चादरींच्या आतल्या काठावर धाग्याने एक, दोन, तीन टाके घालून ठेवा, म्हणजे गडबडीत तिसरी चादर पहिल्या सत्काराला जाणार नाही.